उंचीची भीती आणि राजगडाचा बालेकिल्ला: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४१, राहणार पुणे. लहानपणापासून उंचीची भीती. गच्चीच्या कठड्यालाही हात लावत नसे. गेल्या वर्षी ठरवलं, आता पुरे. आधी रोज पर्वती, मग आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड. पहिल्यांदा निम्म्यातून परतले, पाचव्या खेपेला वर दही खाऊन आले! त्याचा परिणाम ऑफिसातही दिसला. मीटिंगमध्ये तोंड उघडायला लागले, हे साहेबांनाही जाणवलं.

गाडी अडली ती राजगडावर. गुंजवण्यातून चोर दरवाज्यानं पद्मावती माचीवर पोहोचले, पण बालेकिल्ल्याच्या कातळावर हात-पाय गारठले. रेलिंग धरून दहा मिनिटं नुसती उभी. मागे रांग, कुणीतरी म्हणालं, "काकू, जमत नसेल तर येता कशाला?" उतरले. तेव्हापासून सिंहगडावरसुद्धा छातीत धडधडतं. मागे फिरल्यानं भीती आणखी मुरली, असं वाटतंय.

ज्यांची अशी भीती खरंच गेली, त्यांना विचारते: थेट पुन्हा बालेकिल्लाच गाठावा, की आधी वॉल क्लायंबिंगसारखं दोर बांधून काही करावं? गर्दी टाळायला आठवड्यातला कुठला दिवस बरा? आणि पाय थिजले की त्या क्षणी नक्की काय करता? "खाली बघू नका" सोडून सांगा, उतरताना खाली बघावंच लागतं.

नवरा सोबत यायला तयार आहे, पण तो सारखा "सांभाळ, सांभाळ" करतो. त्याला न्यावं का, हाही प्रश्नच आहे.