विषय: लपवलेला स्पीड कॅमेरा आणि मंडळाचं पत्र (मेलबर्नच्या मराठी मंडळाची ईमेल यादी)

प्रेषक: सभासद, टार्नीट

सर्वांना नमस्कार,

मंगळवारी घरी दंडाचं पाकीट आलं. काही आठवड्यांपूर्वी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून परत येत होतो. रस्ता ताशी ६० किलोमीटर मर्यादेचा, माझा वेग ६८. तिथे उतार आहे आणि माझं लक्ष काट्यावर नव्हतं, हे मान्य. पण कॅमेरा होता झाडाखाली उभ्या असलेल्या एका साध्या करड्या गाडीत. ना पाटी, ना पोलिसांचे पट्टे.

राग पैशांचा नाही, पद्धतीचा आहे. वेग कमी करणं हा हेतू असेल तर त्या दिवशी तो साधलाच नाही. मी त्याच वेगाने पुढे गेलो आणि पत्र येईपर्यंत रोज तसाच जात राहिलो. पाटी दिसली असती तर जागच्या जागी पाय उचलला असता. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२० च्या अखेरीस अशा पाट्या काढल्या होत्या, पण ओरड झाल्यावर त्या परत आणाव्या लागल्या. आपल्या व्हिक्टोरियात मात्र चालत्या-फिरत्या कॅमेऱ्याला पाटीची सक्ती नाही.

यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा तर २००३ चं मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडचं प्रकरण आठवतं. तिथल्या कॅमेऱ्याने एका जुनाट डॅटसनचा वेग १५८ नोंदवला. ती गाडी तेवढी धावूच शकत नव्हती. पुढे सरकारला लोकांचे पैसे परत करावे लागले.

मंडळाने आमदारांना पत्र लिहून इथेही इशाऱ्याच्या पाट्या मागाव्यात, असं मला वाटतं. शंभरेक सह्या सहज होतील.

प्रेषक: सभासद, ग्लेन वेव्हर्ली

दादा,

तुमचा राग समजला. तरी या पत्रावर मी सही करणार नाही. का ते नीट सांगते, थोडं लांबेल.

मी फिजिओथेरपिस्ट होते. निवृत्त होईपर्यंतची बरीच वर्षं मेंदूला आणि मणक्याला मार बसलेल्या रुग्णांबरोबर काढली. विशीतल्या मुलाला पुन्हा चमचा धरायला शिकवताना त्याची आई शेजारी बसून असायची. त्या खोलीत मला कुणी कधी विचारलं नाही की कॅमेरा लपवलेला होता का. ‘थोडासाच वेग जास्त होता’ हे मात्र पुष्कळदा ऐकलं.

म्हणून त्या ‘थोडासाच’चा हिशोब मांडते. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि समोर काही आलेलं कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद. ६० ची गाडी साधारण ४५ मीटरवर थांबते. ६८ ची गाडी त्याच जागी अजून ताशी ४० च्या आसपास धावत असते. म्हणजे पहिल्या गाडीपुढचं मूल नुसतं घाबरून रडतं, दुसऱ्या गाडीपुढचं मूल तिच्याखाली येतं. ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ६० च्या रस्त्यांचा अभ्यास केला होता. साठच्या वर दर पाच किलोमीटरला, कुणीतरी जखमी होईल अशा अपघाताचा धोका दुपटीने वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता पाटीबद्दल. पुण्याला गेले की माझे दीर मला एक्सप्रेस वेने मुंबईला सोडतात. तिथे आता कॅमेऱ्याच्या कमानी आहेत. कमान आली की दीर शंभरावर येतात, कमान गेली की काटा पुन्हा वर. त्यांना कॅमेऱ्याची जागा पाठ आहे, वेगमर्यादा नाही. पाटी लावली की ती एवढंच शिकवते. ज्या वळणावर वारंवार अपघात होतात तिथे पाटीसह कॅमेरा जरूर असावा, कारण तिथे आपल्याला त्या वळणापुरताच वेग कमी हवा असतो. पण माणसं मरतात ती सगळ्या शहरभर, कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी. तिथे ‘आज इथे असेल का?’ ही शंकाच कामाला येते, आणि ती शंका टिकायची तर जागा दिसून चालत नाही.

व्हिक्टोरियात कॅमेऱ्यांचा हा कार्यक्रम १९८९ च्या अखेरीस सुरू झाला. त्या वर्षी रस्त्यांवर ७७६ माणसं गेली होती. १९९२ मध्ये ३९६. सगळं श्रेय कॅमेऱ्याला देणार नाही. दारूच्या तपासणीच्या बसगाड्या त्याच सुमाराला वाढल्या, टीव्हीवर अंगावर येणाऱ्या जाहिराती लागल्या, मंदीमुळे गाड्याही कमी धावल्या. पण त्या तीन वर्षांत इथे गाडी चालवायची सवय बदलली, हे जुनी माणसं सांगतात.

रिंग रोडचा मुद्दा तुमचा खरा आहे. यंत्र चुकलं तर सरकारने भरपाई द्यायलाच हवी आणि तेव्हा दिलीही. मात्र ते कॅमेरे रस्त्यावर कायम बसवलेले होते, लपवलेले नव्हते. ती चूक मोजमापाची होती.

अन्याय मला एका ठिकाणी दिसतो आणि तो आमच्यावर झाला आहे. यांना एकदा असंच पाकीट आलं. रस्त्याचं काम संपल्यावर ८० चा रस्ता ६० चा केला होता, आणि नवी पाटी निलगिरीच्या फांदीमागे पूर्ण झाकलेली. आम्ही गाडी चालवणाऱ्याच्या उंचीवरून फोटो काढले, फेरविचाराचा अर्ज केला, तिसऱ्या महिन्यात दंड रद्द झाला. कॅमेरा कुठे आहे हे मला कळलं नाही तरी चालेल. मर्यादा किती आहे हे मात्र दुरून, रात्री, पावसात दिसलंच पाहिजे. पत्र लिहायचं तर झाकलेल्या, वाकलेल्या, एकाच बाजूला लावलेल्या पाट्यांबद्दल लिहूया. पहिली सही माझी.

प्रेषक: सभासद, क्रेगीबर्न

काकू, पटतंय. पण एक व्यावहारिक प्रश्न. मुलगा पी-प्लेटवर (नवशिक्या चालकाच्या लायसन्सवर) आहे, नियम मोडल्याचे डिमेरिट पॉइंट वर्षात पाच झाले की लायसन्स जाण्याची वेळ येते. त्याला नुकतेच तीन लागले. बाबा सध्या इथेच आहेत, त्यांच्याकडे इंटरनॅशनल परमिट आहे. त्या दंडाच्या पत्रावर ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव दिलं तर? दोघातिघांनी असं केल्याचं ऐकलं. पोराची नोकरी गाडीवर अवलंबून आहे हो.

प्रेषक: कार्यकारिणी, यादीचं काम पाहणारा

काळजी समजते, पण असं करू नका. आणि हा सल्ला या यादीवर पुढे देऊ नका, ही कळकळीची विनंती.

खोटं नाव देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मार्कस आइनफेल्ड हे फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २००६ मध्ये सिडनीत ५० च्या रस्त्यावर ६० ने गेल्याबद्दल त्यांना ७७ डॉलरचा दंड झाला. गाडी मैत्रीण चालवत होती, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. ती बाई तीन वर्षांपूर्वीच वारली होती. २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. इतका मोठा माणूस ७७ डॉलरपायी तुरुंगात गेला. तुमचे वडील सत्तरीत, परक्या देशात पाहुणे म्हणून आलेले. त्यांच्या सहीने खोटं लिहून घ्यायचं? मुलाला दोन-चार महिने ट्रेनने जाऊ द्या. आमच्या भागातून सकाळी सहाला निघणारं कुणी असेल तर त्याने मला कळवावं, त्याला गाडीत घेता येईल.

टार्नीटच्या दादांसाठी: पूर्वीचं रेकॉर्ड स्वच्छ असेल आणि वेग मर्यादेपेक्षा दहाहून कमीच जास्त असेल, तर दंडाऐवजी अधिकृत ताकीद द्यावी असा अर्ज करता येतो. त्यात चूक मान्य करावी लागते. तुम्ही ती इथे सगळ्यांसमोर केलीच आहे.

प्रेषक: सभासद, टार्नीट

काकू, तुमची मेल रात्री दोनदा वाचली. सकाळी मुद्दाम त्या उतारावर गेलो. ६० ची पाटी आहे, दोन्ही बाजूंना, स्वच्छ दिसते. मीच कधी पाहिली नव्हती. कोपऱ्यावर बालवाडी आहे, तीही मी पहिल्यांदाच नीट पाहिली.

ताकीदीसाठी अर्ज केला आहे. इशाऱ्याच्या पाट्यांची मागणी मागे घेतो, पण एक गोष्ट सोडत नाही. दंडाच्या पत्राला इतका उशीर लागता कामा नये. माणसाला त्या आठवड्यात कळलं तर त्या आठवड्यात सुधारेल. मसुद्यात हा एक परिच्छेद माझा राहू द्या.

बाकी पत्र पाट्यांबद्दलच असू द्या. रविवारी दुपारी कॅमेरा घेऊन निघतो, आमच्या भागातल्या फांद्यांआडच्या पाट्यांचे फोटो काढायला. पॉइंट कुक आणि वेरिबीकडून कुणी येणार असेल तर ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये दोन वाजता भेटू. काकू, काकांना घेऊन तुम्हीही या. गाडी चालवणाऱ्याच्या उंचीवरून फोटो कसा काढायचा ते त्यांनाच माहीत आहे.