शकुंतलेच्या रुळावरचं आमचं गाव आणि त्याची हवेली: कुणाला काही आठवतं का?

आजोबांचं_गाव

नमस्कार मंडळी. माझे आजोबा मूर्तिजापूर-यवतमाळ लायनीवरचे, म्हणजे शकुंतला नावाच्या छोट्या गाडीच्या रुळावरचे. कारंजा आणि दारव्हा यांच्या मधलं लहानसं गाव. १९५६ साली शिकायला अमरावतीला गेले आणि पुढे नोकरीत पुण्याला स्थिरावले. गाडीतून उतरलं की समोर मालगुजारांची हवेली दिसायची, बुरुजावर पिंपळ उगवलेला, असं ते सांगायचे. या दिवाळीत मी पहिल्यांदा तिथे गेलो. स्टेशनची खोली उभी आहे, रूळ गवतात बुडालेत. हौदाशेजारी दोन चिंचा आहेत. हवेली मात्र नाही. मारुतीच्या देवळामागे एक पांढुरकं टेकाड आणि त्यावर बाभळी, एवढंच. गावात एक जण म्हणाला निजामाने पाडली, दुसरा म्हणाला इंग्रजांनी तोफा लावल्या. खरं काय? आणि जुने कागद कुठे मिळतील? गावाचं नाव व्यक्तिगत निरोपातून सांगेन.

अडीच_फुटी

हवेलीबद्दल जाणकार सांगतीलच, मी लायनीपुरतं लिहितो. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. रुळांतलं अंतर अडीच फूट. किलिक निक्सन कंपनीने ही लाईन टाकली ती कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायचा आणि मुंबईच्या बंदराकडे न्यायचा. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत हीच गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यातून ही लाईन सुटली आणि मालकी कंपनीकडेच राहिली.

पॉइंट्समनची_लेक

दादा, नाव सांगू नका, गाव ओळखलं. हौदाजवळच्या दोन चिंचा आणि टेकाडापुढचा मारुती म्हटल्यावर दुसरं कोणतं असणार! माझे वडील त्या स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे, होते. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरात गेलं, आणि पुढे त्याच गावच्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं.

आधी एक दुरुस्ती करते, नाहीतर तुम्ही कागद भलतीकडेच शोधाल. ती मालगुजारांची हवेली नव्हे. मालगुजार, म्हणजे अख्ख्या गावाचा सारा भरणारे मालक, वर्धा नदीच्या पलीकडे, नागपूर-वर्ध्याच्या बाजूला. अलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती. आपल्याकडे देशमुख, म्हणजे परगण्याचे वतनदार, आणि त्यांचं घर ती गढी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. पुढे सारा थेट शेतकऱ्याकडून वसूल व्हायला लागला. देशमुखांचं काम गेलं, मान तेवढा राहिला.

तोफा कुणीही लावल्या नाहीत. गढी आम्ही नेली. आम्ही, गावाने. टोपल्याटोपल्याने.

तुमच्या आजोबांचं घर धाब्याचं असणार. मयाली, म्हणजे लाकडी तुळया, टाकायच्या, त्यावर तुराट्या आणि पळसाचा पाला, त्यावर मातीचा जाड थर. ही माती काळी चालत नाही. काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच पावसात घर गळतं. त्याला पांढरीच लागते. पांढरी बसते, चिकटते, पाणी खाली उतरू देत नाही. आणि गढीच्या भिंती, बुरूज, सगळं पांढऱ्या मातीचं. विटा-चुन्याचा होता तो फक्त दरवाजा. वस्तीच्या मधोमध एवढी पांढरी आयती उभी असल्यावर दुसरीकडे कोण जाणार?

मृगाच्या आधी आठ-दहा दिवस पहाटे आई हाक मारायची, "चाल वं, पांढरी आनाले!" माझं टोपलं लहान होतं. आई कुदळीने कड खणायची आणि मी हाताने भरायची. एकदा भिंतीचा मोठा ढेपसा सुटून आला आणि आतल्या बाजूला लिंपण दिसलं. त्यावर बोटं ओढल्याच्या चार रेघा होत्या, एकमेकींना लागून. कोण्या बाईने शेणामातीचा हात फिरवला होता. आईने त्या रेघांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली. नीट बसली. मग तिने तो ढेपसा फोडला नाही, बाजूला ठेवला आणि दुसरीकडे खणायला लागली. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो कुणीतरी नेला होता.

त्याच जागी पुढे एक वर्षी वरची कड ढासळली आणि आमच्या शेजारच्या काकूंचा पाय मोडला. सगळे खालून खणत होते, वरचं ओझं कोण बघतो! त्यानंतर लोक तिथून उठले आणि बुरुजाला लागले. पिंपळ गेला तो असा.

पण गढी ओस पडली म्हणून कुदळ लागली, आणि ओस पडली ती या गाडीमुळे. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण गावात याबद्दल कुणी बोलत नाही. वडील सांगायचे, पूर्वी बाजार गढीच्या दरवाज्यासमोर भरायचा. स्टेशन झाल्यावर कापसाच्या बंड्या तिकडे उभ्या राहू लागल्या. अडते आले, मागून चहावाला आला, आणि बाजारच तिकडे सरकला. देशमुखांची पोरं याच गाडीने शाळेला गेली, मग वकिलीला, मग बदलीच्या गावांना. म्हातारी माणसं होती तोवर दिवा लागत होता. ती गेल्यावर भावांत वाटणी झाली आणि लाकूड विकलं.

दरवाजा वडिलांच्या ड्युटीत गेला. सागाच्या दोन फळ्या, लोखंडी खिळ्यांच्या. आपल्या गाडीचा मालडबा केवढासा, त्यात त्या उभ्या मावेनात आणि आडव्याही. शेवटी तिरप्या घालून दोराने बांधल्या. तोवर गाडी पाऊण तास थांबली आणि एकाही उतारूने कुरकुर केली नाही. सगळे खाली उतरून बघत होते. वडील त्या रात्री जेवले नाहीत. मी तेव्हा दुसरीत होते.

आता कागदांचं. सातबारा मागू नका. गढी गावठाणात आहे आणि गावठाणाला सर्व्हे नंबर नसतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुना गाव नकाशा मागा. आजोबांच्या शेतासाठी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख बघा, आणि घराण्याच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी तहसिलीत कोतवाल बुक. अक्षर लावायला कठीण जाईल. अडलं तर मला फोटो पाठवा, मला सवय आहे.

आजोबांचं_गाव

काकू, काय लिहू कळत नाही. आमच्या पडक्या घराच्या धाब्याची माती अंगणात पसरली आहे, मी तिच्यावरून चाललो. म्हणजे तीही गढीचीच?

पॉइंट्समनची_लेक

हो, गढीचीच. तुमच्या पणजीला मी टोपलं घेऊन येताना पाहिलंय. माझ्या आईच्या मागेच असायच्या.

पुढच्या वेळी याल तेव्हा शाळेच्या मागच्या बाजूला जा. तिथल्या कुंपणाच्या भिंतीला गढीच्या जोत्याचे दगड लावले आहेत. डावीकडून तिसरा दगड बघा. त्याला वाटीएवढा गुळगुळीत खळगा आहे, दरवाज्याचा खुंट त्यात फिरायचा. उन्हाळ्यात पोरं त्यात चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवतात.