समांतर रेषांमधला कोन: नुसती बेरीज केलेली चालते का?

प्रश्न (एक पालक, इंदिरानगर, नाशिक)

माझी मुलगी नववीत आहे. घटक चाचणीत तिला पुढील प्रश्न होता: किरण अब आणि किरण कड परस्परांना समांतर असून दोन्ही उजवीकडे जातात, त्यांच्या दरम्यान उजव्या बाजूला प हा बिंदू आहे, ∠बअप = ४२° आणि ∠डकप = ३१°, तर ∠अपक किती? तिने ‘४२ + ३१ = ७३°’ एवढेच लिहिले आणि उत्तर बरोबर असूनही तीनपैकी एकच गुण मिळाला. विरुद्ध कोन, संगत कोन, रेषीय जोडी हे सारे तिला तोंडपाठ आहे. परंतु आकृती समोर आली की सुरुवात कोठून करावी हे तिला उमगत नाही. अशा वेळी काय करावे, आणि ही बेरीज नेहमीच लागू पडते का?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, नाशिकरोड)

एक गुण मिळाला हेही परीक्षकाचे औदार्यच म्हणायचे, कारण तिने कारण कोठेच दिलेले नाही. या आकृतीत दोन्ही समांतर किरणांना छेदणारी एकही रेषा काढलेली नाही, म्हणून पाठ केलेले नियम लावायला जागाच सापडत नाही. ती जागा आपण तयार करावी लागते. प मधून डावीकडे, अब ला समांतर असा किरण पम काढावा. आता अप ही छेदिका (दोन्ही समांतर किरणांना छेदणारी रेषा) झाली, म्हणून ∠अपम = ∠बअप = ४२° (व्युत्क्रम कोन, म्हणजे समांतर रेषांच्या आत, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असलेले समान कोन). पम हा कड लाही समांतर असल्यामुळे ∠मपक = ∠डकप = ३१°, हेही व्युत्क्रम कोनच. दोन्ही मिळून ७३°. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन असते हे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील ३२व्या विधानात दाखवले, तेही शिरोबिंदूतून समांतर रेषा काढूनच.

माझा आग्रह एवढाच की प्रत्येक कोनाचे माप लिहिताना त्याच ओळीत कंसात कारण लिहावे. कारण सुचत नसेल, तर ते माप आकृतीकडे पाहून ठरवलेले आहे असे खुशाल समजावे.

उत्तर (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पंचवटी)

रेख अप पुढे वाढवून कड ला क्ष मध्ये छेदू दिली, तर ∠पक्षक = ४२° (व्युत्क्रम कोन) आणि ∠अपक हा त्रिकोण पकक्ष चा बाह्यकोन ठरतो; म्हणून दूरस्थ आंतरकोनांच्या प्रमेयाने (बाह्यकोन हा त्याला लागून नसलेल्या दोन आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो) ४२ + ३१ = ७३°. मला हा मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात बेरीज का होते हे एका त्रिकोणात दिसते.

मात्र बेरीज नेहमी होत नाही. प बिंदू अब च्या वर गेला, ∠बअप = ४२° तसाच राहिला आणि ∠डकप = ७१° असला, तर कप ही अब ला र मध्ये छेदते. संगत कोनांमुळे (छेदिकेच्या एकाच बाजूचे, सारख्या जागेवरचे कोन समान असतात) ∠बरप = ७१°, आणि तो त्रिकोण अरप चा बाह्यकोन असल्यामुळे ∠अपक = ७१ − ४२ = २९°. ‘दिसतेच की’ म्हणून बेरीज करणारा येथे ११३° लिहून मोकळा होईल.

उत्तर (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

आमच्या बागेतील मांडवाचा लोखंडी ‘वाय’ (इंग्रजी Y अक्षराच्या आकाराचा, वेलींना आधार देणारा खांब) मुलीला मापायला देता येईल. समजा, सारख्या लांबीच्या दोन हातांमधला कोन ११०° आहे. खांब मधोमध उभा असल्यामुळे प्रत्येक हाताचा खांबाशी कोन (३६० − ११०) ÷ २ = १२५°. आता हातांच्या टोकांना जोडणारी आडवी तार घ्या: समद्विभुज त्रिकोण होतो आणि पायाचे कोन (१८० − ११०) ÷ २ = ३५° येतात. सरांनी सांगितल्याप्रमाणे सांध्यातून तारेला समांतर रेषा कल्पिली, तर हात तिच्याशीही ३५° चा कोन करतो (व्युत्क्रम कोन), आणि खांब तिला काटकोनात असल्यामुळे ३५ + ९० = १२५°. वेल्डिंगवाल्याने हात वाकडा बसवला असेल, तर कोनमापकाने मोजलेले आणि हे हिशेबाचे आकडे जुळत नाहीत. मागील हंगामात आमचे तीन ‘वाय’ असेच परत पाठवावे लागले.