वेताळ टेकडीवरचं गिरिपुष्प: काढायचं की राहू द्यायचं?

कुसळी
पुण्याच्या वेताळ टेकडीवर वनीकरणात लावलेलं गिरिपुष्प (उंदीरमारी) आता टप्प्याटप्प्याने काढावं, असं माझं ठाम मत आहे. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. मुरमाडात तगतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून त्याची निवड झाली. पण त्याची सावली दाट होते ती पावसाळ्यात, नेमकी गवत वाढायच्या वेळी. त्याखाली कुसळी, पवन्या ही गवतं मरतात आणि त्यांच्याबरोबर पांढरी मुसळी, दीपकाडीसारखे कंदही जातात. शिवाय उन्हाळ्यात शेंगा तडकून बी लांब उडतं. टेकडीचं खरं रूप म्हणजे विरळ सालई, मोई, गणेर, हिवर आणि मधे गवत. त्यातलं उरलंय तेवढं तरी वाचवा.

समतल चर
साफ विरोध. उतारावर माती जेमतेम वीतभर. झाड उपटलंत तर पहिल्याच वळवात ती ओढ्यात जाईल. मोकळ्या उजेडात देशी रोपं येण्याआधी घाणेरी आणि गाजरगवत येतं. आणि नुसतं तोडून हे झाड मरतच नाही, एका बुंध्यातून पाच फुटवे येतात.

कुसळी
उपटा कोण म्हणतंय? बुंधा जागेवरच राहू द्या, मुळं माती धरतील. फेब्रुवारीत फुलोऱ्यावर असताना, शेंगा धरायच्या आत कापायचं.

हिवर
काढायलाच हवं, पण फेब्रुवारी ही वेळ चुकीची आहे. तेव्हा झाड निष्पर्ण असतं, सगळा साठा मुळात असतो, त्यामुळे पावसात दुप्पट जोमाने फुटतं. पाला पुरता फुटल्यावर, जुलैअखेर कापा. फुटवे गुडघ्याएवढे झाले की पुन्हा कापा. असे दोन-तीन पावसाळे काढावे लागतील, मधे खंड पडला तर केलेलं सगळं वाया. बियांपासून आलेली कोवळी रोपं ओल्या मातीतून हातानेच मुळासकट निघतात.

मोकळ्या जागेत खड्डे मात्र नकोत. दीड फूट खणलं की खाली कातळ. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, डिसेंबरात तोच खड्डा कोरडा ठणठणीत. त्यापेक्षा मोईच्या जिवंत फांद्यांचे मनगटाएवढे जाड, पाच-सहा फुटी खुंट मेअखेर रोवा. हिवर, मेडशिंगी जागेवरच बी टाकून येऊ द्या.

समतल चर
पद्धत मान्य, पण वणव्याचं काय? गवत वाढलं की जानेवारीपासून पेट घ्यायला तयार. पायवाटेवर एक विडी पडली की तुमचे मोईचे कोवळे फुटवे आधी जळणार. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) डिसेंबरातच काढायला हव्यात, आणि त्या दरवर्षी काढाव्या लागतात.

दुसरं, बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव याच टेकडीवरून जातो. तिथे उघडा उतार दिसला की "इथे झाडं आहेतच कुठे?" हा प्रश्न येणारच. आज ते गिरिपुष्प निदान झाडं म्हणून मोजलं जातं.

कुसळी
हाच तर मूळ घोटाळा आहे! मोजणीत गवत येतच नाही, म्हणून ते वाचतही नाही. तोडण्याआधी गवताची, कंदांची जागावार नोंद करून ती वनखात्याकडे द्या. पालिकेच्या हद्दीतल्या भागाला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेलच, तिथेही हीच नोंद जोडा.

समतल चर
नोंद जरूर करा. पण तीव्र उतारावर कुऱ्हाड नको म्हणजे नको. करायचंच असेल तर माथ्यावरच्या सपाटीवर एखादा लहान पट्टा घ्या आणि तीन पावसाळ्यांनंतर त्यात गवत आहे की घाणेरी, ते दाखवा.