ओबीडी ॲडॅप्टरचा दिवा लागतो, पण कोणताच स्कॅनर गाडीशी जुळत नाही (वडोदरा, पुरात भिजलेली गाडी)

अकोटा_हॅचबॅक

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा गाडीत सीटच्या रुळांपर्यंत पाणी होतं. इंजिनात गेलं नव्हतं. गालिचा काढून वाळवला, गाडी रोज चालते. हल्ली एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो, म्हणून कोड वाचायला ओबीडी पोर्टात (गाडीचे बिघाड-कोड वाचायचं १६ पिनचं सॉकेट) ब्लूटूथचा छोटा ॲडॅप्टर लावला. त्याचा दिवा लागतो, फोनशी जोडला जातो, पण ॲप म्हणतं गाडीशी संपर्क नाही. गॅरेजमधल्या मोठ्या स्कॅनरवरही तेच. फ्यूज एकेक काढून पाहिले, उडालेला एकही नाही. १६ आणि ४ नंबरच्या पिनमध्ये १२.४ व्होल्ट मिळतात. गॅरेजवाले ईसीएम (इंजिनचा संगणक) बदलायला सांगताहेत. खरंच तिथवर जायची गरज आहे का?

मकरपुरा_वायरिंग

ईसीएमला हात लावू देऊ नका. गाडी सुरू होते, आरपीएमचा आणि तापमानाचा काटा बरोबर चालतो ना? म्हणजे ईसीएम जिवंत आहे आणि डॅशबोर्डच्या मीटरशी कॅनच्या (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडीच्या) तारांवरून बोलतोय. बिघाड पोर्टाकडे येणाऱ्या फांदीत आहे असं धरून चला आणि क्रमाने मोजा.

आधी ते १२.४ व्होल्ट. त्यावर विसंबू नका. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तारेचा एक केस शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन तारा जोडा आणि आधी १६–४ वर, मग १६–५ वर लावा. हा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. तो जळत असताना बॅटरीवरचं आणि पोर्टवरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर तार किंवा टर्मिनल खाल्लं गेलंय. ४ ही बॉडीची अर्थ, ५ ही सिग्नलची, म्हणून दोन्ही वेगळ्या तपासायच्या.

पिन मोजताना घोळ होतो म्हणून सांगतो: सॉकेटची रुंद बाजू वर ठेवून समोरून पाहिलं की वरची रांग डावीकडून १ ते ८, खालची ९ ते १६. ६ च्या बरोबर खाली १४. स्कॅनरच्या प्लगवर हेच आरशासारखं उलटं असतं.

आता कॅन. बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, मग ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय. ४० आलं तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर असलेली वस्तू, म्हणजे ट्रॅकर किंवा बाहेरचा म्युझिक सिस्टीमचा कॅन बॉक्स, मध्ये जोडलाय. शून्याजवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. ओएल (मीटरच्या आवाक्याबाहेर, म्हणजे जोडच नाही) आलं तर पोर्टाकडे येणारी निदान एक तार तुटलीय. कुठली, ते व्होल्टेजवरून कळतं: निगेटिव्ह परत लावा, इग्निशन ऑन करा. ६ वर २.५ पेक्षा थोडं जास्त, १४ वर थोडं कमी, आणि दोघांची बेरीज ५ च्या आसपास हवी.

मल्टिमीटरचं जाडं टोक पोर्टात समोरून खुपसू नका. आतली पत्ती फाकते आणि मग चांगला स्कॅनरही लूज बसतो. सॉकेटचे दोन क्लिप काढून मागच्या बाजूने, तारेलगत शिवणाची टाचणी सरकवून मोजा.

रावपुरा_२२

दोन स्कॅनर नापास झालेत म्हणजे ॲडॅप्टरवर संशय नको, तरी याच लक्षणाने दुसरे कोणी इथे येतील म्हणून लिहितो. ईएलएम ३२७ (अशा ॲडॅप्टरमधली चिप) च्या स्वस्त नकला "२.१ आवृत्ती" म्हणून विकतात, त्यांतल्या बऱ्याच के-लाइनवर चालत नाहीत. के-लाइन म्हणजे कॅनच्या आधीची एकतारी संपर्काची पद्धत, ७ नंबरची पिन. जुन्या गाड्यांत ६ आणि १४ रिकाम्या असतात आणि सगळा कारभार ७ वरच चालतो. इग्निशन ऑन असताना तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवं.

पोर्ट १६ पिनचा आहे एवढ्यावरून गाडी ओबीडी-२ ठरत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये बीएस-४ आधी १३ शहरांत आलं. त्यांत अहमदाबाद आणि सुरत होतं, वडोदरा नव्हतं. ओबीडी-२ ची सक्ती २०१३ ची आणि बीएस-४ देशभर झालं १ एप्रिल २०१७ ला. म्हणून इथली २०११-१२ ची गाडी साध्या ॲपला उत्तर देत नसेल तर तो बिघाडच असेल असं नाही.

आयफोनवाल्यांना जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ ॲडॅप्टर चालत नाही. वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज घेणाऱ्या नव्या ब्लूटूथचा) घ्यावा लागतो.

अकोटा_हॅचबॅक

काटे सगळे बरोबर चालतात. मोजून आलो:

बल्ब लावून १६–४ वर १२.१, १६–५ वर १२.१, बॅटरीवर १२.३.
६–१४ मध्ये ओएल.
इग्निशन ऑन: ६ वर २.६ व्होल्ट, १४ वर शून्य.

मकरपुरा_वायरिंग

सप्लाय आणि अर्थ दोन्ही पास. कॅन-लो, म्हणजे १४ नंबरची तार, तुटली आहे. १४ ची तार नुसती अर्थला चिकटली असती तर ६–१४ मध्ये ओएल आलं नसतं. काटे चालतात, म्हणजे मुख्य नेटवर्क शाबूत आहे. पोर्टापासून मुख्य जोडापर्यंतच्या तुकड्यातच शोधा.

ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी, दाराच्या उंबऱ्यालगतची प्लास्टिकची पट्टी आणि बाजूचं कव्हर काढा. हार्नेस तिथून खाली उतरतो आणि पुराचं पाणी तिथेच साचतं. पीळ दिलेली दोन तारांची जोडी शोधा. रंग गाडीगणिक बदलतात, म्हणून पोर्टाच्या ६ आणि १४ वरचे रंग बघून ठेवा आणि तेच मागे धरत जा. काळी टेप सोडवलीत की बिघडलेली जागा डोळ्यांना दिसेल: आवरण फुगलेलं, बोटाने दाबलं तर आत पोकळ लागतं, आणि कापल्यावर तांब्याऐवजी निळसर हिरवी पूड सांडते.

ती पूड आवरणाच्या आतून पुढे सरकलेली असते. म्हणून लख्ख तांबं दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर कापत मागे जा. काळपट तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि धरल्यासारखं वाटलं तरी पावसाळ्यात पुन्हा सुटतं. नवा तुकडा ०.५ चौरस मिमीच्या ऑटो वायरचा, लांबी मूळ तारेइतकीच. आधी क्रिम्प, मग हलकं सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). दोन्ही तारा बदलल्यात तर त्यांचे जोड समोरासमोर आणू नका, तीन-चार सेंटीमीटर मागेपुढे ठेवा.

जोडणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं ते पिळाकडे. दर अडीच सेंटीमीटरला साधारण एक पूर्ण पीळ हवा. दोन तारा सरळ सोडल्या की बाहेरचा विजेचा गोंगाट दोघींवर सारखा पडत नाही. मग उभ्या गाडीत स्कॅनर जुळतो आणि इंजिन चालू केलं की सुटतो.

बिनपिळाची जागा जोडापाशी पाच सेंटीमीटरच्या आत ठेवा. आणि गंजलेल्या टर्मिनलवर नुसता गंज सोडवण्याचा स्प्रे मारून मोकळे होऊ नका. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, आणि पत्ती खाल्ली गेली असेल तर नवं टर्मिनल.

कारेलीबाग_एसआरएस

अकोटा भाऊ, उंबऱ्याचं कव्हर काढाल तेव्हा पिवळ्या कनेक्टरच्या तारा दिसतील. त्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट ओढणाऱ्या यंत्राच्या. त्यांवर ओहममीटर लावायचा नाही. मीटरचा करंट इतका छोटा असला तरी ती जोखीम घ्यायचीच नाही. पिवळं काही सोडवायचं असेल तर निगेटिव्ह काढून निदान दहा मिनिटं थांबा, कारण मोड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

अकोटा_हॅचबॅक

कव्हरखाली जोडीतली एक तार अगदी तशीच निघाली, हिरवी पूड. साधारण १२ सेंमी तुकडा बदलला, पीळ दिला. ६–१४ मध्ये आता ६०.४ ओहम. स्कॅनर जुळला, इंजिन चालू असतानाही टिकतो. ईसीएममध्ये यू०१५१ हा कोड जुन्या नोंदींत आहे. पुसून टाकू का?

कारेलीबाग_एसआरएस

आधी फोटो काढून ठेवा, सोबतचा फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला त्या क्षणाची मोजमापं) असेल तर तोही. पुसल्यावर तो जातो आणि गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्यांची पूर्ण झाल्याची नोंदही शून्यावर येते. यू०१५१ म्हणजे एअरबॅग मोड्यूलशी संपर्क तुटला होता. तुमच्या गाडीत तो गिअरच्या दांड्याखाली, मधल्या उंचवट्यावर असणार. पाणी तिथवर पोचलं होतं. पुसा, आठवडाभर चालवा. कोड परत आला तर मोड्यूलचा सप्लाय, अर्थ आणि कनेक्टरच्या पिना बघायच्या, निगेटिव्ह काढूनच. पिनांवर हिरवं दिसलं तर मोड्यूल उघडून धुवायचा प्रयत्न करू नका. तो बदलून गाडीला प्रोग्रॅम करूनच घ्यावा लागतो. आणि दिवा लागलेला असेपर्यंत एअरबॅग फुटणार नाही असं समजूनच गाडी चालवा.