गूगलने स्मरणशक्ती खाल्ली?

'गूगलमुळे आपण विसरभोळे झालो, हे सिद्धच झालंय' असं बरेचदा म्हटलं जातं. इतकं सरळ नाही ते.

या दाव्यामागचा शोधनिबंध मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांचा, 'सायन्स' या नियतकालिकातला, २०११ सालचा. एका प्रयोगात लोकांनी ४० किरकोळ माहितीची वाक्यं टाइप केली. निम्म्यांना सांगितलं, हे सेव्ह होणार. निम्म्यांना, पुसलं जाणार. पुसलं जाणार असं वाटलेल्यांना जास्त आठवलं. दुसऱ्या एका प्रयोगात माहितीपेक्षा ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हेच लोकांच्या जास्त लक्षात राहिलं.

आता वेग्नर ऐंशीच्या दशकापासून सांगत होते की जोडपी आठवणी वाटून घेतात. आमच्याकडे विम्याच्या तारखा माझ्याकडे, नातेवाइकांचे वाढदिवस बायकोकडे. ती माहेरी गेली की माझी पंचाईत! म्हणजे गूगल हा या वाटणीतला नवा भिडू, इतकंच.

आणि हो, त्याच निबंधातला एक प्रयोग (अवघड प्रश्नांनंतर डोक्यात आधी कॉम्प्युटरच येतो, असं दाखवणारा) २०१८ मधल्या फेरतपासणीत टिकला नाही. तेव्हा 'सिद्ध' हा शब्द जरा जपून वापरावा, असं मला वाटतं.