डीएसएल आणि घरातलं वायरिंग : आपले अनुभव लिहा

फायबर आलं तरी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट, म्हणजे डीएसएल, अजून बऱ्याच घरांत आहे. वेग पडला की आपण आधी तक्रार नोंदवतो, पण कितीदा तरी दोष रोझेटपासून (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपासून) मॉडेमपर्यंतच्या आपल्याच तारेत असतो. तुम्ही काय बदललंत, काय फरक पडला ते सांगा. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावरचं एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटापेक्षा गरजेहून किती वर आहे ते; जास्त तितकं चांगलं) आणि ॲटेन्युएशनही (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला ते; कमी तितकं चांगलं) द्या. नुसतं 'स्पीड वाढला' म्हटल्याने पुढच्याला काही कळत नाही.

चिपळूण
आमच्याकडे पाऊस लागला की लिंक तुटायची. पडवीतल्या रोझेटचं झाकण काढलं तर स्क्रूभोवती हिरवा कळंक चढलेला. टोकं छाटून, तांबं चकचकीत दिसेपर्यंत सोलून पुन्हा आवळली. बाहेरचा पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड काढून आत जेली भरलेला कनेक्टर लावला. मार्जिन ५ डेसिबलवरून ११ वर गेलं आणि फोनची खरखरही थांबली.

पुणे, सदाशिव पेठ
जुनं घर, एका लाइनीला तीन पॅरलल फोन. वरच्या खोलीतला फोन केव्हाच गेला, तार मात्र जोडलेलीच. आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो, एडीएसएल२+ (डीएसएलचा एक प्रकार) मात्र २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. तो सिग्नल अशा मोकळ्या टोकावर आपटून परत फिरतो आणि मूळ सिग्नल खातो. आता स्प्लिटर (आवाज आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) पहिल्याच रोझेटला आहे. मॉडेमला स्वतंत्र जोडी, बाकी सगळे फोन स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला. ६ एमबीपीएसवरून थेट १०!

लेस्टर, इंग्लंड
इथल्या जुन्या घरांत ३ नंबरच्या टर्मिनलला एक जादा तार असते, पूर्वीच्या फोनची घंटी वाजवायला. ती जोडीबाहेर एकटीच घरभर फिरते आणि सगळा गोंगाट गोळा करते. मास्टर सॉकेटच्या (लाइन घरात येते त्या पहिल्या सॉकेटच्या) खालच्या झाकणामागची ती तार सोडवली. आजचे फोन त्याशिवाय व्यवस्थित वाजतात. इकडे राहणाऱ्यांनी हे आधी करून पाहावं.

सातारा (निवृत्त लाइनमन)
चपटी वायर लांबवर ओढू नका. कॅट-५ घ्या, आणि त्यातली एकाच पिळाची जोडी वापरा, म्हणजे नारिंगीबरोबर पांढरी-नारिंगीच. दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार घेतली की पिळाचा फायदा गेलाच. मॉडेम रोझेटजवळ ठेवून पुढे लॅन केबल न्यावी, ती १०० मीटरपर्यंत चालते. आणि काम करताना जपून : लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतो, रिंग आली तर ७५ च्या आसपास एसी. विजा चमकत असताना हात लावूच नका.

वाई तालुका
एक्स्चेंजपासून चारेक किलोमीटर, ॲटेन्युएशन ५५ डेसिबल. घरातली तार बदलून ते हललं नाही, वेगही जेमतेम तेवढाच. पण दिवसभरात लिंक तुटणं बंद झालं, मुलीचा ऑनलाइन क्लास पूर्ण होतो. आमच्यासारख्या लांबच्यांनी आधी घरातलं सगळं सोडवून मॉडेम थेट पहिल्या रोझेटला लावावा. तिथेही आकडे तेच आले तर घरात खोदकाम करू नका, लाइनमनदादांना बोलवा.